शहरातून गाव वजा करताना

दोन हजार सालानंतरचा तो हिवाळा. मी अंबडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. एम.एस्सी.ला मला शिकवलेल्या मॅडम तोवर पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मोठ्या जागेवर गेल्या होत्या. एके दिवशी त्यांचा कॉलेजात फोन आला. औरंगाबाद शहर हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडतं ते मोजायचं ठरलं होतं आणि त्यात माझी मदत हवी होती. आठवड्यातून एकदा काचेच्या भांड्यात हवा भरायची, इतकंच काम, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. 'इतकंच' हा शब्द ऐकून सावध व्हायला हवं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मॅडमनी ते समजावलं तेव्हा सोपं वाटलं होतं. हिवाळ्यात आमच्याकडचा वारा पूर्वेकडून येतो आणि शहराकडं जातो. शहरात शिरण्याआधी त्या हवेत किती वायू आहे ते आमच्या बाजूला मोजायचं, शहर ओलांडून गेल्यावर किती झाला ते पलीकडच्या बाजूला मोजायचं. पलीकडच्यातून अलीकडचं वजा केलं की शहराचं स्वतःचं उरतं. शिवाय शहरातली मुलं पेट्रोल पंप, गॅसच्या एजन्सी आणि कारखाने फिरून किती इंधन जळतं त्याचा हिशोब करणार होती. दोन्ही आकडे जुळतात का ते मग बघायचं. पलीकडची भांडी तिकडच्या एका कॉलेजातले सर भरणार होते. अलीकडची मी.

जागा मात्र मोकळी हवी होती. जवळ भट्टी नको, कारखाना नको, रहदारीचा रस्ता नको. माझ्या मोठ्या दिरांचं शेत अंबडहून कुंभार पिंपळगावकडं जाताना लागतं. रस्त्यापासून बरंच आत. शेतातलं घर, ज्याला आम्ही आखाडा म्हणतो, त्याला नुकताच स्लॅब पडला होता. त्या स्लॅबवर लोखंडी पाइप उभा करायचा, पाइपाच्या टोकाशी नळी बांधायची, बुडाशी बॅटरीवरचा पंप आणि काचेचं भांडं. नकाशावर बघून मॅडम खूश झाल्या.

दिरांनी परवानगी दिली, पण खांबावर वीज पडली तर जबाबदार कोण, हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हिवाळ्यात वीज पडत नाही, भाऊजी. ते म्हणाले, "अवकाळीत पडती. तुमी कॉलेजात असता, तुमाला न्हाई दिसत." मग मी पाइपाला जमिनीपर्यंत तार लावून घेतली.

पहिल्या दिवशी मी सकाळी दहाच्या सुमारास गेले. भांडं लांबट, हातभर, दोन्ही टोकांना काचेच्या तोट्या. आधी पंपाने बराच वेळ हवा आरपार सोडायची, मग तोट्या बंद करायच्या. नळी वरची हवा ओढत असली तरी सांध्यांतून खालची हवा शिरू नये म्हणून तोटीला हात लावताना भरणाऱ्याने श्वास रोखायचा आणि वाऱ्याकडं तोंड करून उभं राहायचं. आपण सोडलेल्या श्वासात तोच वायू असतो आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. एका उच्छ्वासात भांडं वाया जातं.

मी तोटीला हात लावला तेव्हा स्लॅबवर माझ्याभोवती कापूस वेचायला आलेल्या बायका, शेजारच्या शेतातले दोघे आणि पाणी पाजायला आलेला गडी, सगळे वाकून बघत उभे होते. सगळे श्वास घेत होते आणि सोडत होते. काही विचारायचं म्हणजे जवळ येऊन, भांड्यावर तोंड नेऊन विचारत होते. ही बाटली रिकामीच का? त्यात औषध आहे का? मी खाली उतरायला सांगितलं. उतरले, आणि भिंतीलगत, नेमके वारा येतो त्या बाजूला उभे राहिले.

पुढच्या खेपेला गर्दी कमी होती, पण शेजाऱ्याच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन मी पोचल्यावरच सुरू झालं. लाइट नव्हती, पिकाला पाणी द्यायचं होतं, त्याचंही बरोबर होतं. थोडा वेळ बंद ठेवा म्हणायला मी बांध ओलांडून गेले, तर तो म्हणाला, "ताई, तुमी उद्या या की. हवा कुठं पळून जाती?" उद्या मला तास होते. त्याच्या पुढच्या खेपेला जाऊबाईंनी आखाड्याच्या दारात चूल पेटवली, माझ्यासाठीच, भाकरी करायला. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं.

जाऊबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. सात यत्ता शिकलेल्या, बोलायला रोखठोक, आणि माझ्यावर त्यांचा जीव. हे काम काय आहे ते त्यांना समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं की आपण श्वास सोडतो त्यात एक वायू असतो, गाड्या आणि कारखाने तोच वायू खूप सोडतात, त्यानं हवा तापते. त्यांनी विचारलं, "मंग तो इखारी हाय का?" मी म्हटलं, नाही, विषारी नाही. "वास येतो?" नाही. "दिसतो?" नाही. त्या म्हणाल्या, "तुला कॉलेजात दुसरं काम न्हाई का देत?"

मॅडमना मी फोनवर सगळं सांगितलं. माणसं, इंजिन, चूल. त्यांनी विचार करून सुचवलं की मी पहाटे जावं. माणसं उठायच्या आत, इंजिनं चालू व्हायच्या आत. गावाची सगळ्यांत शुद्ध हवा तीच असेल. मलाही ते पटलं. मग मी आदल्या संध्याकाळी शेवटच्या गाडीने जायचे, आखाड्यावर मुक्काम करायचे आणि उजाडता उजाडता स्वेटरवर शाल गुंडाळून स्लॅबवर चढायचे. थंडी अशी की काचेच्या तोट्या धरताना बोटं बधिर व्हायची. पण कुणी नसायचं. गव्हाला नुकतं पाणी दिलेलं असायचं, वारा पडलेला, पान हलत नसे. भांडी मी इतकी नीट कधीच भरली नव्हती. ती खोक्यात गोणपाट आणि कापूस भरून मी एस.टी.ने शहरात न्यायचे, तिथून ती पुण्याला जायची. कंडक्टर दर वेळी खोकं टपावर टाका म्हणायचा आणि दर वेळी मी ते छातीशी धरून उभ्याने झगडायचे.

महिना झाला आणि मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला. माझी भांडी खराब निघाली होती. गावच्या हवेत शहराच्या हवेइतका, काही दिवशी तर शहराहून जास्त वायू सापडला होता. वजाबाकी केली तर शहर काहीच सोडत नाही असं उत्तर येत होतं. मी श्वास रोखला होता का, तोट्या नीट बंद केल्या होत्या का, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी रोखला होता. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण विश्वास ठेवला असं वाटलं नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही, ती रागानं.

हा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला होता आणि प्राचार्य समोर बसलेले होते; काय झालं ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांना आपल्या कॉलेजात संशोधन चालल्याचा अभिमान होता. त्यांनी तो अभिमान एका वार्ताहरापाशी बोलून दाखवला, आणि आठवड्याभरात एका छोट्या पेपरात ठळक अक्षरांत आलं की अंबड तालुक्यातली हवा शहरापेक्षा घातक आहे. खाली माझा उल्लेख 'तज्ज्ञ प्राध्यापिका' असा होता. घातक हा शब्द मी उच्चारलाही नव्हता.

मग जे सुरू झालं त्याला अंत नव्हता. स्टाफरूममध्ये मला विचारणा होऊ लागली की मुलांना इथं ठेवावं का. बाजारात भाजीवाली मला हवेबद्दल विचारायची. सरपंच दोन माणसं घेऊन कॉलेजात आले आणि नुकसानभरपाईसाठी माझी सही मागू लागले. कशाची भरपाई, तर हवेची. मी म्हटलं, हवा चांगली आहे, तुमच्या हवेला काही झालेलं नाही. मला कुणीतरी गप्प केलंय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. एकाने तर समजूत घातली, "ताई, घाबरू नका, आमी हाय ना मागं."

पण खरा दणका घरात बसला. जाऊबाईंच्या मोठ्या मुलीसाठी, माझ्या पुतणीसाठी, औरंगाबादचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत नोकरीला, घरचे कारखान्यांच्या वसाहतीजवळ राहणारे. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, मुलगी पसंत पडली होती. बोलणी करायला येणार होते तो दिवस आला आणि गेला. मध्यस्थानं सांगितलं की त्यांनी पेपर वाचला. तिकडची हवा अशी, तर पोरीच्या तब्येतीचं काय, असं म्हणताहेत.

जाऊबाई मला काही बोलल्या नाहीत. मी शेतावर गेले की ताट वाढायच्या आणि कामाला निघून जायच्या. एकदाच, भांडं घेऊन मी जिना चढत असताना, खालून म्हणाल्या, "माझ्या पोरीला तुझ्या बाटल्यांचा नाट लागला." मी जिन्यातच थांबले. मग वर गेले.

पुढच्या खेपेला भांडी शहरात पोचवल्यावर मी रिक्षा करून त्या लोकांच्या घरी गेले. कुणाला न सांगता. मुलाचे वडील घरी होते. त्यांनी बसवलं, चहा सांगितला. मी सगळं समजावून दिलं. हा वायू विषारी नसतो, पेपरानं चुकीचं छापलंय, आकड्यांचं अजून कारण सापडलेलं नाही, पण आमच्या गावात घातक काही नाही. ते मान हलवत ऐकत होते. मध्येच उठून त्यांनी खिडकी लावून घेतली. बाहेरून रबर जळल्यासारखा उग्र वास येत होता. "ह्या टायमाला कंपन्या सोडतात जरा," ते म्हणाले आणि पुन्हा येऊन बसले. मग म्हणाले, "मॅडम, आमचं तसं काही नाही. पण पेपरात आलेलं आहे ना. चार लोक विचारतात."

मी खिडकीकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. चहा संपवला. कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

त्याच आठवड्यात मॅडमना कारण सापडलं. या वेळी त्यांचा आवाज खाली आलेला होता. माझी भांडी चांगली होती. खराब होती ती वेळ. दिवसा पिकं तो वायू घेतात, रात्री घेत नाहीत, उलट पिकं आणि ओली माती दोन्ही तो सोडत राहतात. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली दबून बसते, वर चढत नाही, वारा नसतो. रात्रभर सोडलेलं सगळं तिथंच साठतं. पहाटे मी जी हवा भरत होते ती गव्हानं आणि जमिनीनं रात्रभर टाकलेला श्वास होता. ऊन चढलं, वारा सुटला की ते सगळं विरून जातं. खरी हवा दुपारी मिळते. "हे मला आधी सुचायला हवं होतं," असं मॅडम म्हणाल्या. दुपारी माणसं असतात म्हणून तर आपण पहाट धरली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना आठवत असणारच.

मी पेपरात खुलासा पाठवला. तो छापून आला नाही. पुन्हा पाठवला. वार्ताहर भेटला तेव्हा म्हणाला की रात्री पीक श्वास सोडतं, ही बातमी होत नाही.

आता दुपार आली होती आणि दुपारी शेतात कापसाची शेवटची वेचणी चालू होती. बाजाराच्या दिवशी जावं तर बायका कमी असायच्या, पण बाजारातून आतल्या गाडीवाटेनं परतणाऱ्या जीपा आखाड्याशी थांबायच्या आणि आतली माणसं इंजिन चालू ठेवून पाणी प्यायची. मी पहिल्या दुपारी गेले तेव्हा मनातून ठरवलं होतं की आज काम बिघडलं तर पाइप उतरवून द्यायचा आणि मॅडमना कळवून टाकायचं.

जाऊबाई बायकांबरोबर वेचत होत्या. मला बघून आल्या. बऱ्याच दिवसांनी माझ्याजवळ उभ्या राहिल्या. त्यांना बाहेरून कळलं होतं की त्या लोकांचं दुसरीकडं आधीपासूनच जमत आलं होतं, देण्याघेण्यावरून आमच्याकडं मन लागत नव्हतं आणि पेपर हे निमित्त झालं होतं. हे त्यांनी मला सांगितलं आणि पुढं म्हणाल्या, "मी तुला उगंच बोलले." मी म्हटलं, बाई, राहू द्या. मग मी पहाटेचं कारण त्यांना सांगितलं. जमीन श्वास सोडते याचं त्यांना बिलकुल नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं, की एवढ्या थंडीत मला उठवणाऱ्या बाईला हे आधी माहीत नव्हतं.

"आता काय करायचं हाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. वारा पूर्वेकडून येतोय, तेव्हा सगळ्यांनी आखाड्याच्या पश्चिमेला जाऊन बसायचं आणि मी खाली येईपर्यंत तिकडंच राहायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकदाच हाक मारली. सगळ्या बायका ओटीतला कापूस सांभाळत आखाड्याच्या मागं गेल्या आणि लिंबाखाली बसल्या. दिरांना त्यांनी बांधावर उभं केलं, शेजाऱ्याच्या इंजिनापाशी, ते सुरू होऊ नये म्हणून. दीर गेले आणि बिडीही त्यांनी पेटवली नाही. मी वर चढले. वारा तोंडावर येत होता, बरोबर पूर्वेचा. श्वास रोखून मी तोट्या फिरवल्या. खाली कुणी बोलत नव्हतं. मला त्या शांततेची सवय नव्हती, पण भांडं नीट भरलं.

उरलेल्या सगळ्या दुपारी तसंच झालं. मी दिसले की जाऊबाई बायकांना उठवायच्या. त्यांना तो विसावा मिळायचा, मला हवा मिळायची. एवढं साधं होतं तर आधीचे दोन महिने मी कुणाशी भांडत होते, याचा विचार करून मला माझाच वैताग यायचा.

त्या दुपारच्या हवेनं गणित बसलं. गावची हवा कमी, शहरापलीकडची जास्त, वजाबाकीत शहर दिसू लागलं. पेट्रोल पंप आणि कारखाने मोजणाऱ्या मुलांचा आकडा त्याच्या आसपास आला. अगदी तोच नाही, पण ओळख पटावी इतका.

पावसाळ्याआधी शहरात सरकारी अधिकाऱ्यांसमोर बैठक झाली. मोठी टेबलं, बिसलेरीच्या बाटल्या, पडद्यावर आलेख. मॅडमनी आकडा सांगितला आणि त्यात चूक किती असू शकते तेही सांगितलं. पहिला प्रश्न असा आला की हा आकडा दुसऱ्या शहरांपेक्षा कमी आहे ना. मग एका अधिकाऱ्यानं कागद चाळत विचारलं की सुरुवातीला पहाटेची जी मोजणी झाली होती त्यात गावाकडची हवा बरीच वाईट आली होती म्हणे. तीच धरली तर शहराचा आकडा खाली येईल का? अहवालात तसं घेता येईल का?

मॅडमनी सावकाश सगळं परत समजावलं. पिकं, माती, रात्रीची गार हवा. अधिकारी ऐकून म्हणाले, "म्हणजे शेतकरीपण सोडतातच ना." दोघंतिघं हसले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मॅडमनी टेबलाखालून माझा हात दाबला आणि जेवणाची वेळ झाली.

पुतणीचं लग्न त्या वर्षी झालं नाही. तिला डी.एड. करायचं होतं हे आम्हाला तेव्हाच कळलं, कारण त्याआधी तिला कुणी विचारलं नव्हतं. दिरांनी कुरकुर केली, जाऊबाईंनी ती मोडून काढली. आता ती परतूरकडं एका शाळेत शिक्षिका आहे आणि तिच्या नवऱ्याच्या घरच्यांनी तो पेपर कधी वाचलेला नाही.

बैठकीनंतर मी आणि मॅडम बसस्टँडवर चहा प्यायलो. त्या थकलेल्या दिसत होत्या. एका हिवाळ्याच्या आकड्यानं फार काही कळत नाही, असं त्या म्हणाल्या. काही वर्षांनी पुन्हा मोजलं, शहर वाढलं तसा आकडा किती वाढला ते दिसलं, तरच याला अर्थ.

"मोजणार कोण?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि माझ्याही चहाचे पैसे देऊन टाकले. तेवढ्यात अंबडची गाडी लागली. मी पिशवी उचलली, त्यांना नमस्कार केला आणि जागा धरायला धावले.